दार कोणाचे वाजवायचे?

शिर्डीत शेजारती झाली की समाधी मंदिराची दारे बंद होतात. गाव मात्र झोपत नाही. फुलवाले टोपल्या आवरत असतात, लॉजवर काम करणारी पोरे येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे धावत असतात, बसस्थानकावर पहाटेच्या काकड आरतीची वाट पाहत माणसे गाठोड्याला टेकून पडलेली असतात. अशा ठिकाणी एखादी बाई दोन लेकरांना कुशीत घेऊन रात्रभर बसून राहिली तर कोणी वळून पाहत नाही. भाविक असेल, असे समजून लोक पुढे जातात.

अशीच एक बाई काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाला तिथे भेटली. तिचे नाव, गाव, तालुका काहीच आम्ही लिहिणार नाही. आपल्यातलीच होती, एवढे पुरे. नेसत्या लुगड्यानिशी घर सोडले होते. कानामागे सूज होती आणि उजव्या हाताची दोन बोटे ती पदराखाली झाकत होती. शिर्डीच का, असे विचारले तेव्हा तिने सरळ उत्तर दिले : इथे रात्रभर दिवे असतात आणि पोरांना जेवण मिळते.

दोन लॉजवर तिने विचारून पाहिले होते. आधारकार्ड सासरी राहिलेले, सोबत पुरुष नाही, म्हणून दोन्हीकडून नकार मिळाला. त्याआधी ती आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात जाऊन आली होती. तिथे तिला नवरा-बायकोच्या भांडणात पोलिसांनी काय करायचे, असे विचारण्यात आले. त्याच्याही आधी तीन वेळा जमातीची बैठक झाली होती. तिन्ही वेळा नवऱ्याने मान खाली घालून कबुली दिली, तिन्ही वेळा कागदावर समझोता लिहिला गेला, तिन्ही वेळा चहा झाला. 'सब्र कर बेटी, घर टूटना नहीं चाहिए' हे वाक्य तिने इतक्या सपाट आवाजात सांगितले की ते कोणी कोणत्या तोंडाने उच्चारले असेल ते डोळ्यांसमोर आले.

आणि आम्ही काय केले? आम्ही, म्हणजे लिहिणारे, व्यासपीठावरून बोलणारे, समाजप्रबोधनाचे कंकण बांधलेले. आम्ही तिच्या भावाला फोन लावला. तो सकाळी आला, आमचे आभार मानले, बहिणीच्या पोरांना बिस्किटाचा पुडा घेतला आणि तिला घेऊन गेला. एका बाईला सुखरूप माहेरी पोचवले म्हणून आम्ही निवांत झोपलो. दीड महिन्याने तिचा फोन आला तो सासरच्याच घरातून. भावाने तिला त्याच संध्याकाळी तिथे नेऊन सोडले होते. ती रागावलेली नव्हती. 'तुम्हाला दुसरे काय करता आले असते?' असे तीच आम्हाला म्हणाली.

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे. दुसरे काय करता आले असते?

आमच्या या जिल्ह्याला, काल-परवापर्यंतच्या अहमदनगरला आणि आताच्या अहिल्यानगरला, दारांची लढाई नवी नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांनी चढायचे की नाही यावर २०१५-१६ मध्ये सगळा देश बोलत होता. एप्रिल २०१६ मध्ये तो चौथरा स्त्रियांना खुला झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अलीच्या दर्ग्यातील मजारीजवळ जाण्याचा स्त्रियांचा हक्क मान्य केला. दोन्ही निर्णयांचे आम्ही स्वागत केले, आजही करतो. देवाच्या आणि पीराच्या दारात बाई-पुरुष असा भेद नसावा. पण देवाचे दार उघडावे म्हणून जेवढे कॅमेरे आले, तेवढ्यातले एक-दशांश जरी मार खाल्लेल्या बाईसाठी रात्री अकरा वाजता कोणते दार उघडते हे पाहायला आले असते, तर बरे झाले असते. त्या दारासाठी कोणी मोर्चा काढत नाही. त्यात हिंदूही नाहीत आणि आपण तर नाहीच नाही.

मुस्लिम बाईच्या वाट्याला आणखी एक गंमत येते. तिचे दुःख सगळ्यांना हवे असते, ती कोणालाच नको असते. १९८५ च्या शाहबानो निकालापासून हे चालू आहे. एका वृद्ध बाईला पोटगी मिळाली म्हणून आपले उलेमा आणि पुढारी रस्त्यावर उतरले, १९८६ चा कायदा करून घेतला आणि शरियत वाचवल्याच्या आनंदात घरी गेले. पुढे २००१ मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ असा लावला की इद्दतच्या काळातच नवऱ्याने तिच्या पुढच्या आयुष्याचीही रास्त तरतूद केली पाहिजे. मे २००२ मध्ये आपल्या औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात सांगितले की पोटगीच्या अर्जाला उत्तर देताना 'मी तलाक दिला आहे' असे नुसते लिहून भागत नाही. तलाकला कारण होते, आधी समेटाचा प्रयत्न झाला, हे सगळे नवऱ्याने सिद्ध केले पाहिजे. आमच्या मोहल्ल्यांतल्या किती बायकांना हा निकाल ठाऊक आहे? तो याच भागातल्या न्यायालयाचा, याच भागातल्या एका बाईच्या चिवटपणाचा. मशिदीच्या फलकावर नमाजाच्या वेळा लिहितात, तिथेच तो चार ओळींत लिहिला असता तर काय बिघडले असते?

त्यानंतर २०१७ मध्ये तोंडी तिहेरी तलाक रद्द ठरला आणि २०१९ मध्ये तो देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा आला. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत सचिवालयावर जो मोर्चा नेला, त्याची ही मागणी पूर्ण व्हायला अर्धशतक लागले. मात्र हा कायदा ज्यांनी आणला त्यांना आमच्या बहिणींची कणव किती आणि आमच्या समाजाला खाली पाहायला लावण्याची हौस किती, हे त्यावेळची भाषणे ऐकलेल्या कोणालाही सांगायला नको. आम्ही हे स्पष्ट बोलतो. पण तेवढ्याच स्पष्टपणे दुसरेही बोलतो : त्यांची नियत वाईट असेल, म्हणून आमच्या घरातला मार चांगला ठरत नाही. 'आपल्यातले बाहेर बोलू नका, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल' असे सांगणाऱ्यांना आमचे एकच सांगणे आहे. कोलीत त्यांच्या हाती केव्हाच गेले आहे. चटके तेवढे अजून बाईला बसत आहेत.

शिवाय २०१९ च्या त्या कायद्यात नवऱ्याला तुरुंग आहे, बाईला निर्वाहभत्ता आहे, मुलांचा ताबा आहे. तिने त्या रात्री कुठे झोपायचे, हे त्यात नाही. आणि ज्या बाईला तलाक दिलेलाच नाही, नुसती हाकलून दिली, तिचे काय? आमच्या बसस्थानकावरच्या त्या बाईला कोणी तलाक दिला नव्हता. ती त्या सगळ्या राष्ट्रीय वादाच्या बाहेर होती. तिच्यासाठी मराठीत एक शब्द आहे, 'टाकलेली'. हा शब्द याच जिल्ह्यातून चळवळीत गेला. शिर्डीपासून तासाभराच्या वाटेवर संगमनेर आहे. तिथे १९८८ मध्ये परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली. ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरातून बाहेर काढून व्यासपीठावर बसवले, बोलते केले. पोटगी आणि निवारा हे भिकेचे विषय नसून हक्काचे आहेत असे तिथे सांगितले गेले. तलाकची चर्चा करणाऱ्या आपल्या विद्वानांनी संगमनेरची ती चळवळ नीट वाचली असती, तर टाकलेल्या बाईची जात आणि धर्म एकच असतो हे त्यांच्या ध्यानात आले असते.

आकडे काय सांगतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या दर चार बायकांपैकी सुमारे एकीने नवऱ्याचा मार वा अत्याचार सोसला आहे. ही सर्व धर्मांच्या बायकांची गोष्ट आहे, म्हणून 'हे फक्त मुसलमानांत' असे म्हणणाऱ्यांनी आणि 'हे आपल्यात नाही' असे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही गप्प बसावे. त्याच पाहणीतला दुसरा आकडा आम्हाला जास्त बोचतो. देशभरात अत्याचार सोसलेल्या बायकांपैकी केवळ १४ टक्के बायकांनी कोणाकडे तरी मदत मागितली. ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितले. ज्यांनी मागितली त्यातल्या बहुतेकींनी माहेरच्यांचे दार वाजवले. पोलीस, डॉक्टर, वकील फार दूर राहिले. म्हणजे त्या भावाच्या हातात जे होते, तेच बहुतेक बायकांच्या नशिबाला येते. भाऊ बरा निघाला तर बाई वाचते.

आता कोणी म्हणेल, कायदे आहेत की! आहेत, आणि चांगले आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो सर्व धर्मांच्या बायकांना सारखा लागू होतो, त्यात शरियतला हात लागत नाही, हे आपल्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. त्या कायद्याने बाईला नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क दिला, घर कोणाच्याही नावावर असो. अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे त्यात लिहिले आहे. शेजाऱ्याने चांगल्या हेतूने खबर दिली तर त्याच्यावर काही दायित्व येत नाही, असेही लिहिले आहे. संरक्षण अधिकाऱ्याने सांगितले की निवारागृहाने तिला ठेवून घ्यायचे आणि दवाखान्याने उपचार करायचे.

पण हा संरक्षण अधिकारी कोण? आधीच दहा कामे डोक्यावर असलेल्या एखाद्या साहेबाच्या गळ्यात हे अकरावे काम बांधले जाते, असा अनुभव राज्याराज्यांत आला. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले की जिल्ह्यात आणि तालुक्यातही संरक्षण अधिकारी नेमा. कायदा होऊन वीस वर्षे होत आली तेव्हा! शिर्डी राहाता तालुक्यात येते. आमची विनंती एवढीच की त्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन शिर्डीच्या बसस्थानकावर, रेल्वे स्टेशनवर आणि प्रसादालयाच्या रांगेत मराठी, हिंदी, तेलुगू आणि उर्दूत लावावे. दर्शनाच्या वेळा लावता येतात, तसे हेही लावता येईल.

२०१५ पासून केंद्राची 'सखी' नावाची योजना आहे. एकाच छताखाली डॉक्टर, वकील, पोलीस आणि समुपदेशक, शिवाय पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय. कल्पना उत्तम आहे. पण तिचा हिशेब जिल्ह्याला एक असा धरलेला आहे. शिर्डीपासून जिल्ह्याचे ठिकाण ऐंशीएक किलोमीटर. रात्री अकराला, दोन पोरांना घेऊन, पदराला भाड्याचे पैसे नसताना ते अंतर किती होते, हे योजना लिहिणाऱ्याने कधी चालून पाहिलेले नाही. शिर्डीला २०१७ मध्ये विमानतळ आला. २०२२ च्या डिसेंबरात नागपूरहून समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत आला. माणसे लवकर पोचावीत म्हणून एवढे केले, आणि त्या बाईला पोचण्यासाठी मात्र काही नाही, हे आम्हाला खटकते.

तीर्थक्षेत्राची एक वेगळी अडचण आहे, ती जिल्ह्याच्या कचेरीत बसून कळत नाही. तिथे येणारी बाई बहुधा दुसऱ्या तालुक्यातली, दुसऱ्या राज्यातली असते. गुन्हा घडला एकीकडे, ती बसली आहे दुसरीकडे. 'आमच्या हद्दीतले नाही' हे वाक्य पोलिसांच्या तोंडी तयारच असते. वास्तविक गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने फिर्याद लिहून घेऊन ती पुढे पाठवली पाहिजे, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत स्पष्ट लिहिले आहे. बलात्कार झालेल्या वा ॲसिड फेकलेल्या बाईवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब आणि फुकट उपचार करायचे आहेत. पैसे आधी भरा म्हणणे हाच गुन्हा आहे. हे आपल्या समाजातल्या रिक्षावाल्यांना, फुलवाल्यांना, लॉजवरच्या पोरांना माहीत असायला हवे. कारण शिर्डीत रात्री बाई पहिल्यांदा भेटते ती त्यांना.

शिर्डीत माणसे हरवतात, ही गोष्टही न्यायालयापर्यंत गेलेली आहे. बायको शिर्डीतून बेपत्ता झाली म्हणून एका नवऱ्याने औरंगाबाद खंडपीठाकडे धाव घेतली. एका वर्षात ८८ हून अधिक माणसे तिथून बेपत्ता झाल्याचे तेव्हा पुढे आले आणि २०१९ मध्ये खंडपीठाने यामागे माणसांची वा अवयवांची तस्करी आहे काय ते शोधा, असा आदेश दिला. ती बाई २०२० मध्ये सापडली, आणि त्या एका घराविषयी आम्हाला काहीही म्हणायचे नाही. वर्तमानपत्रांनी काही दिवस तस्करीच्या भयकथा छापल्या आणि विषय संपला. तस्करी असेल तर शोधलीच पाहिजे. पण गर्दीत हरवायला मिळते म्हणून शिर्डी गाठणारी बाई आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. तिची नोंद कोणत्या रकान्यात होते? पोलिसांच्या वहीत ती 'मिसिंग'. सापडली की 'नातेवाइकांच्या ताब्यात दिली'. ताबा कोणाचा, आणि तिला तो हवा होता काय, असा रकानाच नाही. आम्हीही त्या सकाळी तिला नातेवाइकांच्या ताब्यातच दिले होते.

महाराष्ट्राला हे काम कसे करायचे ते ठाऊक नाही असे नाही. १९८४ मध्ये मुंबईत पोलिसांच्या इमारतीतच टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कार्यकर्त्यांनी स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि पुढे तो राज्यभर गेला. त्यातली युक्ती साधी होती. बाई पोलिसांकडे जाते, पण तिच्याशी बोलायला समोर पोलीस नसतो, समाजकार्य शिकलेली बाई असते. २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत संस्था यांनी 'दिलासा' सुरू केला. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जात नाही, पण टाके घालायला दवाखान्यात जाते आणि 'न्हाणीत पडले' असे सांगते. न्हाणीत पडल्याने बोटांचे ठसे गळ्यावर उमटत नाहीत, हे ओळखायला तिथल्या परिचारिकांना शिकवले गेले. ओळखले की त्याच इमारतीतल्या एका खोलीत तिला नेऊन बसवायचे, नवऱ्याला बाहेर ठेवायचे आणि विचारायचे. शिर्डीत संस्थानाची मोठी रुग्णालये आहेत. दूरदूरचे गरीब तिथे येतात आणि बरे होऊन जातात, हे आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो. तिथे अशी एक खोली आणि विचारायला शिकलेल्या दोन परिचारिका, एवढे मागणे जास्त आहे काय?

या पद्धतीत आणि आपल्या जमातीच्या बैठकीत फरक कोणता, तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपले पंच म्हणतात, आम्हीही समुपदेशनच करतो! नाही, तुम्ही समझोता करता. समझोत्यात घर वाचवायचे असते, समुपदेशनात बाई. समझोत्याच्या बैठकीत वीस पुरुष सतरंजीवर आणि ती एकटी दाराआड. तिने काय बोलायचे ते तिचा बाप बोलणार. मारणाऱ्याने माफी मागितली की प्रकरण मिटले, पुन्हा मारले तर पुन्हा बैठक. मारणाऱ्याला त्याची किंमत एका बैठकीच्या चहाएवढी पडते. पंचांपैकी कितीतरी माणसे भली असतात, हे आम्ही जाणतो. काहींनी पदरचे पैसे घालून पोरींची लग्ने लावली आहेत. पण भलेपणाने तुटलेली बोटे जुळत नाहीत.

आणि जे दीनचा हवाला देतात, त्यांनी हबीबा बिन्त सहल यांची हकीकत पुन्हा वाचावी. इमाम मालिकच्या मुवत्तात ती आहे. फज्रच्या नमाजाला निघालेल्या पैगंबरांना पहाटेच्या अंधारात दाराशी एक बाई उभी दिसली. कोण, असे त्यांनी विचारले. हबीबा आहे, तिने सांगितले, आणि आपले व साबित बिन कैस यांचे यापुढे जमणार नाही, असे म्हटले. साबितने तिला मारले होते, हाड मोडले होते, असे अबू दाऊदच्या रिवायतीत येते. साबित काही ऐरागैरा नव्हता, नामांकित सहाबी होता. पैगंबरांनी तिला सब्र कर म्हणून परत पाठवले नाही. तीन बैठका घेतल्या नाहीत. मेहरमध्ये मिळालेली बाग परत करवून तिला मोकळे केले आणि ती आपल्या माणसांत जाऊन राहिली. चौदाशे वर्षांपूर्वी मदिनेत मार खाल्लेल्या बाईला अंधारात कोणाचे दार गाठायचे ते माहीत होते, आणि ते दार उघडले. आज आपल्या मोहल्ल्यातल्या बाईने पहाटे मशिदीच्या दाराशी जाऊन उभे राहायचे ठरवले, तर तिला आधी हे विचारतील की तू इथे आलीस कशी?

प्रतिबंधाविषयीही थोडे बोलले पाहिजे. कोपर्डीच्या २०१६ च्या घटनेनंतर याच जिल्ह्यातून निघालेल्या संतापाने सारा महाराष्ट्र रस्त्यावर आला, पण संतापाने पुढची घटना टळत नाही. आपल्या हातात ज्या गोष्टी आहेत त्या बारीक आहेत आणि कंटाळवाण्या आहेत. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या दर पाच बायकांपैकी एकीहून अधिकींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आहे. सोळाव्या वर्षी सासरी गेलेली पोर मार खाऊन पोलिसांत जाईल अशी अपेक्षा कोण करतो? गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, पण निकाह लावतात आपले काझीसाहेब. वयाचा दाखला पाहिल्याशिवाय निकाह लावणार नाही, एवढे तालुक्यातल्या सर्व काझींनी ठरवले तर त्यासाठी ना सरकारी अनुदान लागते ना कायदा. निकाहनाम्यात शर्ती लिहिण्याची मुभा शरियतने दिलेलीच आहे. हात उचलला तर तलाक घेण्याचा अधिकार बायकोकडे जाईल, ही तफवीजची शर्त आपण का लिहीत नाही? लग्नात पाचशे माणसांच्या बिर्याणीचा तपशील दोन्ही घरे महिनाभर ठरवतात, या एका ओळीला मात्र मुलीचा बाप लाजतो. शुभकार्यात अभद्र कशाला, म्हणतो. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवऱ्याची मारहाण हे फारकतीचे कारण आहेच. पण त्यासाठी वकील, तारखा, वर्षे. शर्त लिहिली असती तर एवढा फेरा पडला नसता.

मुलांचे काय? मदरशात आणि शाळेत आपण मुलींना पडद्याचे धडे देतो, आणि मुलांना? जळगावात ऐंशीच्या दशकात मुस्लिम बायकांनी सिनेमा पाहू नये असा फतवा निघाला तेव्हा रझिया पटेल त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यावेळी बायकांना घरात ठेवण्यासाठी आपल्या तरुणांनी थिएटरवर पहारे दिले. पहारा देण्याचा उत्साह आपल्यात आहे, तो चुकीच्या दारावर उभा असतो एवढेच.

न्याय म्हणजे काय काय लागते, हे बिल्किस बानो यांच्याकडे पाहून कळते. २००२ च्या गुजरातेत जे घडले त्याचा खटला मुंबईत चालला, जानेवारी २००८ मध्ये शिक्षा झाल्या, १५ ऑगस्ट २०२२ ला अकरा गुन्हेगार सोडले गेले, त्यांना हार घातले गेले, आणि ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. या सगळ्यात २०१९ चा एक आदेश आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात न्यायालयाने पन्नास लाखांची भरपाई, सरकारी नोकरी आणि राहायला घर द्या, असे सांगितले. घर! सतरा वर्षे भटकलेल्या बाईला शिक्षेच्या बातमीइतकेच घर लागते, हे न्यायमूर्तींना कळले. बिल्किससाठी आम्ही मोर्चे काढले, सह्या केल्या, कविता लिहिल्या, आणि ते योग्यच केले. तिचे गुन्हेगार परके होते, म्हणून आमचा आवाज मोकळा निघाला. बसस्थानकावरच्या बाईचा गुन्हेगार आमच्याच सफेत नमाजाला उभा राहतो, तिथे आवाज घशात अडकतो.

दर ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या कार्यक्रमात अभिमानाने एक गोष्ट सांगतो. शूद्र-अतिशूद्रांना शिकवतात म्हणून जोतीराव-सावित्रीबाईंना घराबाहेर काढले गेले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. ज्या फातिमाचा उल्लेख सावित्रीबाईंच्या पत्रात येतो, ती त्याच घरची. पुढे १८६३ मध्ये फुले दांपत्याने विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते महाराष्ट्रातल्या अशा निवाऱ्यांचे मूळ समजावे. म्हणजे ज्यांनी पुढे शेकडोंना दार उघडले त्यांना आधी एका मुसलमानाने दार उघडले होते. ही गोष्ट आम्ही टाळ्यांसाठी किती वर्षे वापरणार? उस्मान शेख यांनी जोतीरावांच्या वडिलांना निरोप धाडून 'तुमची सून घेऊन जा' असे सांगितले नव्हते.

शिर्डीत एका फकिराने पडक्या मशिदीत आयुष्य काढले आणि त्या मशिदीला तो माई म्हणत असे. द्वारकामाई. मशिदीला आई म्हणणारा माणूस आम्हाला दुसरा ठाऊक नाही. १९१८ च्या दसऱ्याला तो गेला, त्याच्या नावाने गाव उभे राहिले, हजारो खाटांची भक्तनिवासे झाली, एका वेळी हजारो माणसे जेवतील असे प्रसादालय झाले. रामनवमीला आजही संदल निघते, त्यात आपण असतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ऐक्याची छायाचित्रे येतात. त्या हजारो खोल्यांपैकी तीन खोल्या, आधारकार्ड न मागता, सोबत पुरुष कोण हे न विचारता, रात्रीच्या कोणत्याही प्रहरी येणाऱ्या बाईसाठी राखून ठेवाव्यात, अशी मागणी आम्ही संस्थानाकडे, नगरपरिषदेकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे करतो. धर्म न विचारता. संस्थान २००४ च्या राज्याच्या कायद्याने चालते, तेव्हा हे शासनाच्या हातातले काम आहे.

मात्र सरकारकडे बोट दाखवून मोकळे होण्याची आपली जुनी सवय आहे, म्हणून आम्ही स्वतःपुरते काही ठरवले आहे. शिर्डी-राहाता परिसरात एक भाड्याची खोली घ्यायची. लिहिणाऱ्यांनी आपापल्या मानधनातून, नोकरीवाल्यांनी पगारातून, आणि जकातीच्या पैशातून, कारण बेघर झालेली गरीब बाई जकातीची हकदार नाही असे म्हणणारा आलिम आम्हाला भेटायचा आहे. तिथे आलेल्या बाईच्या घरी तिला विचारल्याशिवाय फोन करायचा नाही, भावालासुद्धा नाही. हा पहिला नियम आम्ही स्वतःच्या अनुभवावरून लिहिला आहे. सकाळी तिला डॉक्टरकडे न्यायचे, मग तिची इच्छा असेल तर पोलिसांत, मग संरक्षण अधिकाऱ्याकडे. १८१ हा महिला मदतीचा क्रमांक आणि संगमनेरच्या चळवळीत काम केलेल्या बायकांचा सल्ला हाताशी ठेवायचा. तलाकशुदा असेल तर १० जुलै २०२४ च्या निकालाने तिला इतर बायकांप्रमाणेच सर्वसाधारण कायद्याखाली पोटगी मागता येते, हे तिला समजेल अशा बोलीत सांगायचे.

खोलीचे भाडे ठरले आहे. किल्ली कोणाकडे ठेवायची यावर मात्र आमच्यात दोन मते आहेत. काहींच्या मते ती मशिदीच्या इमामसाहेबांकडे असावी, म्हणजे समाज तिला आपली म्हणेल. बायकांचे म्हणणे असे की किल्ली बाईकडेच हवी, आणि तिच्या दाराला आतून कडी असली पाहिजे. आम्ही बायकांच्या बाजूचे आहोत. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हे ठरेल, आणि त्या बैठकीत त्या सतरंजीवर बसतील.